विल्यम विदरिंग

विल्यम विदरिंग (जन्म: १७ मार्च १७४१, वेलिंग्टन, श्रॉपशायर, इंग्लंड, मृत्यू: ६ ऑक्टोबर १७९९, बर्मिंगहॅम) हे अठराव्या शतकातील एक इंग्रज डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ, रसायनज्ञ व खनिजशास्त्रज्ञ होते. फॉक्सग्लव्ह (शास्त्रीय नाव: डिजिटॅलिस पर्प्युरिया) या विषारी वनस्पतीच्या पानांचा औषधी उपयोग त्यांनी दहा वर्षांच्या पद्धतशीर निरीक्षणातून निश्चित केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १७८५ साली प्रसिद्ध झाला. हृदयविकारावरील आधुनिक औषधांच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः या ग्रंथापासून मानला जातो. औषधाचा गुण सांगतानाच त्याच्या विषबाधेची लक्षणे, सुरक्षित मात्रा आणि औषध थांबवण्याची वेळ यांची तपशीलवार नोंद हे या ग्रंथाचे मुख्य वैशिष्ट्य होय. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात हृदयाच्या औषधांनी होणाऱ्या विषबाधेसाठी जो संकेतांक-समूह आहे, त्यातील पहिलेच स्थान विदरिंग यांनी अभ्यासलेल्या औषधवर्गाला मिळालेले आहे.

बालपण व शिक्षण

विदरिंग यांचा जन्म वेलिंग्टन या बाजारपेठेच्या गावी झाला. वडील एडमंड विदरिंग हे शल्यचिकित्सक व अपॉथेकरी, म्हणजे औषधे तयार करून देणारे आणि रोग्यांवर उपचारही करणारे व्यावसायिक होते. आई सेरा हेक्टर हिच्या माहेरीही वैद्यकाची परंपरा होती. वडिलांच्या हाताखाली प्राथमिक अनुभव घेऊन विदरिंग १७६२ साली एडिनबरा विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी एडिनबरा हे युरोपातील वैद्यकीय शिक्षणाचे अग्रगण्य केंद्र होते. घशाच्या एका घातक संसर्गजन्य रोगावर प्रबंध लिहून त्यांनी १७६६ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली.

विद्यार्थिदशेत त्यांना वनस्पतिशास्त्राची मुळीच आवड नव्हती. या विषयातील प्रावीण्यासाठी तेथील प्राध्यापक सुवर्णपदक देत असत. परंतु त्या पदकाच्या मोहानेही या अभ्यासाचा कंटाळा दूर होईल असे वाटत नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी घरी लिहिले होते. पुढे याच विषयाने त्यांना कीर्ती मिळवून दिली.

स्टॅफर्ड येथील वास्तव्य

पदवीनंतर १७६७ साली विदरिंग यांनी स्टॅफर्ड येथे व्यवसाय सुरू केला आणि तेथील नव्या रुग्णालयात ते डॉक्टर म्हणून काम पाहू लागले. गाव लहान असल्याने रोगी बेताचेच होते व मोकळा वेळ भरपूर मिळे. याच काळात हेलेना कुक्स ही तरुणी त्यांच्याकडे उपचारासाठी आली. तिला फुलांची चित्रे काढण्याचा छंद होता. तिच्यासाठी विदरिंग रानावनांतून निरनिराळी फुले गोळा करून आणू लागले आणि त्या निमित्ताने वनस्पतींकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. १२ सप्टेंबर १७७२ रोजी दोघांचा विवाह झाला. त्यांचे पहिले अपत्य अल्पायुषी ठरले; पुढे विल्यम हा मुलगा व शार्लट ही मुलगी अशी दोन अपत्ये वाढली.

बर्मिंगहॅम आणि ल्यूनर सोसायटी

१७७५ च्या आरंभी बर्मिंगहॅममधील प्रसिद्ध डॉक्टर विल्यम स्मॉल यांचे निधन झाले. त्यांच्या जागी शहरात येण्याची सूचना इरॅस्मस डार्विन यांनी विदरिंग यांना पत्राने केली. हे इरॅस्मस म्हणजे उत्क्रांतिवादाचे प्रवर्तक चार्ल्स डार्विन यांचे आजोबा. त्यांच्या सूचनेनुसार विदरिंग बर्मिंगहॅमला आले. त्या वेळी हे शहर कारखानदारीचे मोठे केंद्र म्हणून वेगाने वाढत होते. १७७९ मध्ये तेथे सार्वजनिक रुग्णालय सुरू झाले आणि विदरिंग त्याच्या डॉक्टरांपैकी एक झाले.

येथे ते ल्यूनर सोसायटी या विद्वत्‌मंडळाचे सदस्य बनले. मॅथ्यू बोल्टन, जेम्स वॉट, जोसेफ प्रीस्टली, जोसाया वेजवुड, जेम्स कीर, इरॅस्मस डार्विन अशी मंडळी त्यात होती. रात्री घरी परतताना चांदणे मिळावे म्हणून मंडळाच्या बैठका पौर्णिमेच्या सुमारास भरत; त्यावरूनच मंडळाला हे नाव पडले.

व्यवसायाचा व्याप वाढला तरी विदरिंग रोज एक तास गरीब रोग्यांना विनामूल्य सल्ला देत. अशा रोग्यांची संख्या वर्षाला दोन ते तीन हजारांपर्यंत जात असल्याची नोंद त्यांनीच केली आहे. फॉक्सग्लव्हसंबंधीची त्यांची पुष्कळशी निरीक्षणे याच रोग्यांवरील आहेत. आजच्या दृष्टीने पाहता त्यांत एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे. ज्या औषधाची मात्रा अद्याप ठरलेली नव्हती, ते प्रथम घेणाऱ्यांत दारिद्र्यामुळे दुसरा पर्याय नसलेले लोक मोठ्या संख्येने होते. रोग्याच्या लेखी संमतीची कल्पना त्या काळी अस्तित्वात नव्हती. मात्र या रोग्यांना झालेला त्रास विदरिंग यांनी लपवला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

वनस्पतिशास्त्रातील कार्य

ब्रिटनमध्ये नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या वनस्पतींचे वर्णन करणारा विदरिंग यांचा दोन खंडांतील ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध झाला. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांच्या वर्गीकरणपद्धतीवर तो आधारलेला होता आणि लॅटिन न जाणणाऱ्या वाचकांसाठी इंग्रजीत लिहिलेला होता. लिनियस यांची पद्धती फुलांतील पुंकेसर व स्त्रीकेसर यांच्या संख्येवर उभी होती. स्त्रियाही हे पुस्तक वाचतील, या विचाराने विदरिंग यांनी त्यातील लैंगिक अर्थाच्या संज्ञा गाळून टाकल्या. या संकोचाबद्दल त्यांच्यावर टीका झाली. तरीही पुस्तक लोकप्रिय ठरले आणि त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या कामात जॉनाथन स्टोक्स या तरुण डॉक्टरांचे साहाय्य होते. पुढे दोघांत तीव्र वितुष्ट आले. फुलांचे सूक्ष्म भाग शेतात उभ्या-उभ्या पाहता यावेत यासाठी विदरिंग यांनी खिशात मावेल असा लहान सूक्ष्मदर्शकही तयार केला होता.

फॉक्सग्लव्हचा अभ्यास

फॉक्सग्लव्ह ही युरोपातील रानावनांत वाढणारी, अंगठीघातल्या बोटासारख्या नव्हे तर शिवणकामातील अंगुस्तानासारख्या आकाराची जांभळी फुले येणारी वनस्पती आहे. अंगुस्तानासाठी असलेल्या जर्मन शब्दाच्या आधारे लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ साली तिला डिजिटॅलिस हे लॅटिन नाव दिले. लोकवैद्यकात तिचा वापर पूर्वीपासून होता, परंतु तिच्या विषारीपणामुळे जाणकार डॉक्टर तिच्यापासून दूर राहत.

१७७५ मध्ये विदरिंग यांना एका घरगुती औषधाविषयी मत विचारण्यात आले. श्रॉपशायरमधील एक वृद्ध स्त्री हे औषध गुप्त ठेवून देत असे आणि नामांकित डॉक्टरांनी हात टेकलेले जलशोफाचे काही रोगी त्याने बरे होत. जलशोफ म्हणजे पाय, पोट किंवा छाती यांत पाणी साठून सूज येण्याची अवस्था. त्या काळी तो एक स्वतंत्र रोग समजला जाई; त्यामागे बहुधा दुबळे झालेले हृदय असते, हे ज्ञात नव्हते. त्या औषधात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. औषध घेतल्यावर जोराच्या उलट्या व जुलाब होत. वनस्पतींचा जाणकार असल्याने त्यांतील गुणकारी घटक फॉक्सग्लव्हच असला पाहिजे, हे विदरिंग यांच्या ध्यानात आले. ऑक्सफर्डमधील ब्रेझनोज महाविद्यालयाच्या प्राचार्यांना फॉक्सग्लव्हच्या मुळाने गुण आल्याची हकिकत पुढे एका सहकारी डॉक्टरांकडून कळली आणि त्यांचा विश्वास दृढ झाला.

या वृद्ध स्त्रीचे नाव मदर हटन असल्याचे अनेक पुस्तकांत आढळते. विदरिंग यांच्या ग्रंथात मात्र तिचे नाव कोठेही नाही. विसाव्या शतकात एका औषध कंपनीने जाहिरातीसाठी तयार करून घेतलेल्या चित्रातून हे नाव रूढ झाले आणि पुढे ते ऐतिहासिक सत्य म्हणून उद्धृत होऊ लागले. जिच्या ज्ञानावर हा शोध उभा राहिला, ती स्त्री इतिहासाच्या दृष्टीने अनामिकच राहिली आहे.

मात्रेचा प्रश्न

वनस्पती ओळखणे हे काम त्या मानाने सोपे होते. खरा प्रश्न होता तो मात्रेचा. रोग्याला तारणारी मात्रा आणि त्याचा जीव घेणारी मात्रा यांतील अंतर या औषधात अत्यल्प आहे. आपण आरंभी फार मोठ्या मात्रा दिल्या व त्या फार लवकर-लवकर दिल्या, ही चूक विदरिंग यांनी मोकळेपणाने कबूल केली आहे.

मुळाची शक्ती ऋतूनुसार बदलते, हे लक्षात आल्यावर त्यांनी मूळ वापरणे सोडले. काढा केल्यास त्याची शक्ती दर वेळी सारखी राहत नाही, हेही दिसून आले. अखेरीस त्यांनी फुले उमलण्याच्या सुमारास खुडलेली, नीट वाळवलेली पाने हाच प्रमाण पदार्थ ठरवला. या पानांची पूड १ ते ३ ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ ते १९५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा द्यावी असे त्यांनी सुचवले. पूड न चालणाऱ्या रोग्यांसाठी उकळत्या पाण्यात पाने भिजवून केलेल्या फांटाचे प्रमाणही त्यांनी दिले. वनस्पतीचा भाग, तो खुडण्याची वेळ, वाळवण्याची रीत आणि वजन या चारही गोष्टी निश्चित केल्यामुळे एका डॉक्टरचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकेल अशी स्थिती प्रथमच निर्माण झाली.

औषध किती द्यावे, यापेक्षाही ते केव्हा थांबवावे याविषयीचा त्यांचा नियम अधिक महत्त्वाचा ठरला. मूत्रपिंडे, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कोणत्याही एकावर औषधाचा परिणाम दिसेपर्यंत ते चालू ठेवावे आणि असा परिणाम दिसताच थांबवावे, असा हा नियम होता. मात्रा घाईने वाढवत गेल्यास त्रास उशिरा व एकदम उद्भवतो, हे त्यांनी पाहिले होते. त्याचे कारण आज सांगता येते. या पानांतील प्रमुख द्रव्य डिजिटॉक्सिन हे शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारण एक आठवडा लागतो. त्यामुळे रोजच्या मात्रा एकावर एक साचत जातात.

विषबाधेची लक्षणे

अतिमात्रेने होणाऱ्या परिणामांचे विदरिंग यांनी केलेले वर्णन आजही वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील वर्णनाशी जुळते. मळमळ, उलट्या, जुलाब, भोवळ, अंधुक दिसणे, वस्तू हिरव्या वा पिवळ्या भासणे, नाडीचे ठोके मिनिटाला ३५ पर्यंत उतरणे, थंड घाम, झटके, मूर्च्छा आणि अखेरीस मृत्यू असा क्रम त्यांनी दिला आहे.

त्यांच्या ग्रंथातील एक प्रसंग विशेष बोलका आहे. यॉर्कशायरच्या एका फिरत्या व्यापाऱ्याला तपासण्यासाठी त्यांना बोलावणे आले. रोग्याला सतत उलट्या होत होत्या, नीट दिसत नव्हते आणि नाडीचे ठोके मिनिटाला ४० वर आले होते. चौकशी करता असे कळले की, त्याच्या दम्यावर उपाय म्हणून पत्नीने फॉक्सग्लव्हची मूठभर हिरवी पाने अर्धा पाइंट पाण्यात शिजवून ते पाणी त्याला पाजले होते आणि त्याने ते एका दमात प्यायले होते. तो जेमतेम वाचला. त्या बाईला आपल्या भागातील औषध ठाऊक होते, मात्रा ठाऊक नव्हती, असा निष्कर्ष विदरिंग यांनी काढला.

१७८५ चा ग्रंथ

औषधाची कीर्ती पसरू लागली तसा त्याचा अविचारी वापरही वाढला. अज्ञानामुळे हे औषध बदनाम होईल किंवा लोकांच्या जिवावर बेतेल, या भीतीने विदरिंग यांनी आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्याचे ठरवले. बर्मिंगहॅम येथे छापलेल्या या ग्रंथात १७७५ पासूनच्या दीडशेहून अधिक रोग्यांच्या हकिकती वर्षवार दिलेल्या आहेत. केवळ यशस्वी ठरलेले रोगी निवडून सांगितले असते तर औषधाचा व लेखकाचा गौरव वाढला असता. परंतु ते सत्याला धरून झाले नसते, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून गुण न आलेले, त्रास झालेले आणि दगावलेले रोगीही त्यांनी नोंदवले. इतर डॉक्टरांनी कळवलेल्या हकिकतीही त्यांनी जोडल्या.

फॉक्सग्लव्ह प्रामुख्याने मूत्र वाढवून सूज उतरवते, असे त्यांचे मत होते. तथापि हृदयाच्या गतीवर या औषधाची सत्ता अन्य कोणत्याही औषधापेक्षा अधिक आहे आणि तिचा रोगनिवारणासाठी उपयोग करून घेता येईल, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. याच वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

डार्विन कुटुंबाशी वाद

जुलै १७७६ मध्ये इरॅस्मस डार्विन यांच्या एका रुग्ण स्त्रीला पाहण्यासाठी विदरिंग यांना बोलावले गेले. त्यांनी फॉक्सग्लव्ह सुचवले आणि तिला गुण आला. डार्विन यांचा थोरला मुलगा चार्ल्स हा एडिनबरा येथे वैद्यकाचा विद्यार्थी असताना १७७८ साली वारला. (उत्क्रांतिवादाच्या प्रवर्तकाचा तो काका.) त्याचा प्रबंध वडिलांनी १७८० मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याला फॉक्सग्लव्हने बऱ्या झालेल्या रोग्यांच्या हकिकती जोडल्या. त्यांत वरील रुग्ण स्त्रीचीही हकिकत होती. विदरिंग यांचा उल्लेख मात्र नव्हता. १७८५ मध्येही डार्विन यांनी या औषधावर स्वतंत्र निबंध सादर केला.

यामुळे दोघांतील स्नेह संपुष्टात आला. पुढे इरॅस्मस यांचा मुलगा रॉबर्ट डार्विन याच्याशीही एका रोग्याच्या उपचारांवरून विदरिंग यांचा कडवट वाद झाला. प्रकाशनाचा अग्रक्रम डार्विन यांच्याकडे जातो. परंतु मात्रा निश्चित करण्याचे व धोक्यांची नोंद करण्याचे श्रेय विदरिंग यांचे आहे, असे वैद्यकाचे इतिहासकार सामान्यतः मानतात.

अन्य संशोधन

१७७८ साली बर्मिंगहॅममध्ये आलेल्या लोहितांग ज्वराच्या साथीवर विदरिंग यांनी पुढील वर्षी पुस्तिका लिहिली. स्वीडिश रसायनज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांच्या खनिजशास्त्रावरील ग्रंथाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १७८३ मध्ये निघाला. १७८४ साली त्यांनी एका जड खनिजाचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. हे खनिज म्हणजे बेरियम कार्बोनेट होय. जर्मन खनिजशास्त्रज्ञ आब्राहाम वेर्नर यांनी त्याला विदरिंग यांच्या सन्मानार्थ विदराइट असे नाव दिले.

अखेरची वर्षे

१७८६ मध्ये विदरिंग एजबास्टन हॉल या प्रशस्त वास्तूत भाड्याने राहू लागले. जुलै १७९१ मध्ये बर्मिंगहॅममध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या सहानुभूतिदारांविरुद्ध दंगल उसळली. प्रीस्टली यांचे घर व प्रयोगशाळा जमावाने जाळली. एजबास्टन हॉलवरही जमाव चालून आला. विदरिंग यांनी आपली पुस्तके व संग्रह गाड्यांत गवताखाली लपवून हलवण्याची तयारी केली होती. मात्र त्यांचे घर बचावले.

त्यांना छातीचा दीर्घ आजार होता. हा आजार क्षयरोग असावा असे मानले जाते. हवापालटासाठी १७९२-९३ व १७९३-९४ असे दोन हिवाळे त्यांनी पोर्तुगालमध्ये काढले. तेथेही स्वस्थ न बसता काल्दास दा रैन्या येथील उष्ण झऱ्यांच्या पाण्याचे त्यांनी पृथक्करण केले. सप्टेंबर १७९९ च्या अखेरीस ते बर्मिंगहॅममधीलच लार्चेस या घरी राहण्यास गेले आणि ६ ऑक्टोबर १७९९ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एजबास्टनच्या जुन्या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे संकीर्ण लेखन मुलाने चरित्रासह १८२२ साली प्रसिद्ध केले.

औषधाचा पुढील इतिहास

विदरिंग यांच्या पश्चात एकोणिसाव्या शतकात अनेक डॉक्टरांनी त्यांचा मात्रेचा नियम दुर्लक्षून हे औषध नाना रोगांवर वापरले आणि त्याची बदनामी झाली. १९३० साली इंग्रज रसायनज्ञ सिडनी स्मिथ यांनी डिजिटॅलिस लॅनाटा या दुसऱ्या जातीच्या पानांपासून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. त्यामुळे पानांच्या पुडीऐवजी नेमक्या वजनाची गोळी देणे शक्य झाले. डिगॉक्सिनची मात्रा सामान्यतः मिलिग्रॅमच्या अंशांत मोजली जाते.

हृदयाच्या स्नायुपेशींतून सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणाऱ्या यंत्रणेला ही द्रव्ये अडथळा करतात. परिणामी पेशीतील कॅल्शियम वाढते आणि हृदय अधिक जोराने आकुंचन पावते. त्याचबरोबर हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारे संदेश मंदावतात. यंत्रणेला हा अडथळा प्रमाणाबाहेर झाला की ठोके अतिशय मंद किंवा अनियमित होतात. गुण आणि विष यांचा उगम असा एकच आहे. मूत्रपिंडे दुबळी असलेल्या किंवा रक्तातील पोटॅशियम कमी झालेल्या रोग्यांत नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते. या विषबाधेवर उतारा म्हणून डिगॉक्सिनला बांधून ठेवणारी प्रतिपिंडे पुढे उपलब्ध झाली.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ६,८०० रोग्यांवरील चाचणीत डिगॉक्सिनने हार्ट फेल्युअरच्या रोग्यांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले, परंतु मृत्यूचे एकूण प्रमाण घटले नाही. त्यानंतर या औषधाचा वापर मर्यादित झाला असला तरी ते अद्याप वापरात आहे.

विषबाधेची नोंद व रोगवर्गीकरण

विदरिंग ज्या शतकात वनस्पतींचे वर्गीकरण करत होते, त्याच शतकात रोगांचेही तसेच वर्गीकरण करण्याचे प्रयत्न झाले. स्वतः लिनियस यांनी १७६३ मध्ये आणि एडिनबराचे विल्यम कलन यांनी १७६९ मध्ये रोगांच्या गणांची मांडणी केली. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी इंग्लंडमधील मृत्यूंच्या नोंदींसाठी हे काम पुढे नेले. १८९३ साली जाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ पासून ही जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. या परंपरेतील दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली, तर अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. भारतात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये होणाऱ्या मृत्युकारणांच्या वैद्यकीय प्रमाणनासाठी दहाव्या आवृत्तीचा आधार घेतला जातो.

दहाव्या आवृत्तीत हृदय व रक्तवाहिन्या यांवरील औषधांच्या विषबाधेसाठी टी ४६ हा समूह आहे. त्यातील टी ४६.० हा संकेतांक डिजिटॅलिस वर्गातील औषधांचा, टी ४६.१ कॅल्शियमचा मार्ग रोखणाऱ्या औषधांचा, टी ४६.२ ठोक्यांची अनियमितता घालवणाऱ्या अन्य औषधांचा, टी ४६.३ हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांचा आहे. बीटा-ब्लॉकर ही औषधे हृदयविकारातच मोठ्या प्रमाणावर दिली जात असली, तरी ती चेतासंस्थेमार्फत कार्य करत असल्याने त्यांची नोंद टी ४४.७ येथे होते.

केवळ औषध कोणते, एवढ्याने नोंद पूर्ण होत नाही. ते शरीरात कसे गेले हेही सांगावे लागते. अपघाताने, हेतुपुरस्सर की हेतू अनिश्चित, यानुसार बाह्य कारणांचे निराळे संकेतांक जोडले जातात. डॉक्टरांनी सांगितलेले औषध योग्य मात्रेत घेऊनही त्रास झाला, तर ती विषबाधा न समजता औषधाचा अनिष्ट परिणाम समजला जातो. डिजिटॅलिस वर्गासाठी त्याचा संकेतांक वाय ५२.० असा आहे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात असलेल्या विस्तारित आवृत्तीत हा भेद संकेतांकाच्या सहाव्या स्थानावर दर्शवतात: १ अपघात, २ स्वतःला इजा, ३ दुसऱ्याने केलेला घात, ४ अनिश्चित, ५ अनिष्ट परिणाम आणि ६ अपुरी मात्रा. तेथील नियमानुसार विषबाधा असेल तर तिचा संकेतांक आधी व लक्षणांचे नंतर. अनिष्ट परिणाम असेल तर लक्षण आधी व औषधाचा संकेतांक नंतर लिहितात.

हा भेद कागदोपत्री वाटला तरी त्याचे परिणाम खरे असतात. मंद नाडी व उलट्या घेऊन आलेल्या वृद्ध रोग्याची नोंद केवळ हृदयविकार अशी झाली, तर त्यामागील औषध नजरेआड होते. अपघाती अतिमात्रा आणि योग्य मात्रेचा अनिष्ट परिणाम यांची सरमिसळ झाली, तर दोष गोळ्या मोजण्यात होता की मात्रा ठरवण्यात, हे पुढे कोणालाच कळत नाही. विदरिंग यांच्या हकिकतींत यॉर्कशायरचा व्यापारी आणि त्यांच्या स्वतःच्या उपचारांत मात्रा अधिक झालेले रोगी हे वेगवेगळे दिसतात, कारण प्रत्येक ठिकाणी औषध कोणी दिले, किती दिले व का दिले हे त्यांनी लिहून ठेवले होते.

भारतातील संबंधित वनस्पती

फॉक्सग्लव्ह ही महाराष्ट्रातील वनस्पती नाही. परंतु हृदयावर तसाच परिणाम करणारी द्रव्ये येथे सर्वत्र आढळणाऱ्या कण्हेरीत आणि पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत असतात. बिट्टीची फळे मुले खेळायला घेतात. तिची बी पोटात गेल्यास उलट्या, मंद नाडी व ठोक्यांची अनियमितता अशी डिजिटॅलिससारखीच लक्षणे दिसतात आणि जिवाला धोका संभवतो. अशा रोग्याला घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वरित रुग्णालयात नेणे आवश्यक असते. डिगॉक्सिनवरील प्रतिपिंडे या विषबाधेवरही उपयोगी पडतात, हे श्रीलंकेत झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. वनस्पतीचा भाग खाल्ल्याने झालेल्या विषबाधेची नोंद मात्र औषधांच्या समूहात न होता टी ६२.२ या संकेतांकाखाली होते.

स्मृती

वनस्पतींच्या एका प्रजातीला विदरिंग यांच्या सन्मानार्थ विदरिंजिया हे नाव देण्यात आले आहे. एजबास्टनच्या जुन्या चर्चमधील त्यांच्या स्मृतिफलकावर फॉक्सग्लव्ह कोरलेले आहे. कार्ल फ्रेडरिक फॉन ब्रेडा या स्वीडिश चित्रकाराने १७९२ मध्ये काढलेल्या त्यांच्या व्यक्तिचित्रातही हीच वनस्पती दिसते. हे चित्र स्टॉकहोम येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बर्मिंगहॅममध्ये ल्यूनर सोसायटीच्या सदस्यांसाठी उभारलेल्या स्मारकशिलांपैकी एक शिला त्यांच्या नावाची आहे. एजबास्टन हॉलची वास्तू अद्याप उभी असून तिचा वापर गोल्फ क्लबकडून होतो.